भयकादंबरीतील नावे आणि संगीत कसे वाचावे : पॅरिसच्या ऑपेरागृहातील भुताच्या आधारे

भयकादंबरी पहिल्यांदा वाचताना सगळे लक्ष पुढे काय घडणार याकडे असते आणि ते तसेच असावे. दुसऱ्या वाचनात उत्कंठा ओसरलेली असते. तेव्हा पात्रांची नावे आणि प्रसंगांमागे वाजणारे संगीत या दोन गोष्टींकडे सावकाश पाहिले, तर आपल्याला वाटलेली भीती लेखकाने कशी रचली होती हे बऱ्याच अंशी उलगडते. हे पाहायचे कोणत्या क्रमाने आणि त्यात कोणत्या चुका टाळायच्या, हे नव्या वाचकाला समजावे म्हणून हा लेख आहे. उदाहरणासाठी गास्तों लरू या फ्रेंच लेखकाची 'ल फान्तोम द लोपेरा' ही एकच कादंबरी घेतली आहे. आपल्याकडे ती 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या इंग्रजी नावाने ओळखली जाते. पॅरिसच्या 'ल गोल्वा' या दैनिकात ती 23 सप्टेंबर 1909 ते 8 जानेवारी 1910 या काळात क्रमशः छापली गेली आणि 1910 मध्येच पुस्तकरूपाने आली. तिची निवड करण्याचे कारण सरळ आहे. ऑपेरागृहाच्या तळघरात राहणारा विद्रूप चेहऱ्याचा संगीतकार आणि त्याच्याकडे गाणे शिकणारी तरुण गायिका यांच्या या गोष्टीत नाव आणि सूर या दोन्हींवाचून कथानक एक पाऊलही पुढे सरकत नाही. लेखात शेवटासह सगळे कथानक उघड केलेले आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांनी आधी ती वाचून मग इकडे यावे.

पहिली पायरी : योग्य प्रत हाती घ्यावी

लरू यांचे निधन 1927 साली झाले. त्यामुळे मूळ फ्रेंच कादंबरी आता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे आणि ती, तसाच तिचा 1911 चा जुना इंग्रजी अनुवाद, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. मात्र या जुन्या अनुवादात मूळचा काही मजकूर गाळलेला आहे, हे ध्यानात असू द्यावे. शक्य असल्यास नंतरचा संपूर्ण अनुवाद घ्यावा. दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची आहे. बहुतेकांची या कथेशी ओळख 1986 च्या प्रसिद्ध संगीत नाटकातून किंवा चित्रपटांतून झालेली असते आणि त्यांतील नावे व गाणी मनात घर करून बसलेली असतात. त्या संगीत नाटकात कादंबरीतील पर्शियन गृहस्थ नाहीत आणि ज्या 'फाउस्ट' या ऑपेरावर कादंबरीचा अर्धा डोलारा उभा आहे, तोही नाही. म्हणून डोक्यातली ती गाणी तात्पुरती बाजूला ठेवावीत, नाहीतर कादंबरीत नसलेल्या संगीताचे अर्थ कादंबरीला चिकटवले जातात.

दुसरी पायरी : कोण कोणाला काय म्हणते, याची नोंद करावी

एका वहीत तीन रकाने आखावेत : पात्राचे नाव, ते नाव कोण घेते, आणि कोणत्या प्रसंगी घेते. अर्थ शोधण्याची घाई या टप्प्यावर अजिबात करू नये. नुसती नोंद काटेकोर ठेवली, तरी एक विलक्षण गोष्ट समोर येते. कादंबरीच्या मुख्य पात्राला जवळजवळ प्रत्येक जण वेगळ्या नावाने ओळखतो. नर्तकी आणि पडद्यामागचे कामगार त्याला भूत म्हणतात. क्रिस्तीन दाए ही गायिका त्याला संगीताचा देवदूत मानते, कारण मरताना तिच्या वडिलांनी तसा देवदूत पाठवण्याचे वचन दिलेले असते; तिच्या तोंडी बराच काळ तो केवळ 'आवाज' असतो. पूर्वी इराणात त्याला ओळखणाऱ्या पर्शियन गृहस्थांच्या लेखी तो चोरदारांचा शौकीन आणि राक्षस आहे. मुखवट्यांच्या नाचाच्या रात्री तो लाल वेशात कवटीचा चेहरा घेऊन येतो आणि आपण फिरतीवर निघालेला 'लाल मृत्यू' आहोत असे पाठीवर मिरवतो. हा इशारा एडगर ॲलन पो यांच्या 1842 च्या कथेकडे आहे, हे लरूंच्या वाचकांना सांगावे लागत नव्हते.

आणखी एक नोंद अवश्य करावी, ती म्हणजे त्याच्या सहीची. व्यवस्थापकांना लाल शाईने लिहिलेल्या पत्रांखाली तो 'ऑपेराचे भूत' या अर्थाची सही करतो, पण पहिल्या शब्दाचे केवळ आद्याक्षर ठेवून. फ्रेंचमध्ये अशा सहीत मधला 'द' हा शब्दयोगी येतो आणि तोच उमरावांच्या आडनावांतही असतो. नायक राउल द शान्यी हा खराखुरा व्हायकाउंट आणि त्याचा तळघरातला प्रतिस्पर्धी कागदावर तरी त्याच्याच तोलाचा सरदार, ज्याची जहागीर म्हणजे ऑपेरागृह. ही थट्टा लरूंनी जाणूनबुजून केली असावी असे माझे मत आहे, कारण पत्रांचा एकूण सूरच घरमालकाचा आहे : पाच क्रमांकाची बैठक, म्हणजे प्रेक्षागृहातला खासगी कक्ष, माझ्यासाठी राखून ठेवा आणि दरमहा 20,000 फ्रँक द्या.

तिसरी पायरी : नावाचा अर्थ शोधताना पुराव्याची उतरंड पाळावी

नव्या वाचकांकडून सर्वाधिक गफलत होते ती इथेच. पात्राचे नाव दिसले की नामकोश उघडायचा, तिथला अर्थ उतरवायचा आणि तो पात्राच्या स्वभावाला जुळवून मोकळे व्हायचे, असा प्रकार सर्रास चालतो. या भुताचे 'एरिक' हे नाव जुन्या नॉर्स भाषेतले असून त्यात सत्ताधीश असा भाव आहे. तळघराचा राजा म्हटल्यावर हा अर्थ चपखल वाटतो. पण कादंबरी स्वतः काय सांगते ते पाहा. क्रिस्तीन त्याला विचारते की एरिक या नावावरून तुम्ही स्कँडिनेव्हियाचे आहात का, तेव्हा तो उत्तर देतो की आपल्याला नाव नाही, देश नाही आणि एरिक हे नाव आपण योगायोगाने घेतले. पुढे उपसंहारात कळते की त्याचा जन्म फ्रान्समध्येच, रुआँ शहराजवळच्या एका छोट्या गावात, एका गवंड्याच्या घरी झाला. म्हणजे नावाचा अर्थ 'सत्ताधीश' असणे हा दुबळा पुरावा, आणि नाव उसने असणे हा कादंबरीने स्वतः दिलेला बळकट पुरावा आहे. क्रिस्तीन स्वीडनमधल्या उप्सालाजवळची. तिला आपल्या मुलखातले वाटेल असेच नाव याच्या वाट्याला यावे, याला योगायोग म्हणायचे की नाही, हे वाचकाने ठरवावे. मला तो योगायोग वाटत नाही, पण त्याच्या बोलण्याविरुद्ध ठाम पुरावाही कादंबरीत नाही.

म्हणून उतरंड अशी धरावी. सर्वांत वर कादंबरीत पात्रे स्वतःच्या किंवा एकमेकांच्या नावाबद्दल जे बोलतात ते. त्याखाली त्या काळच्या वाचकाला ते नाव ऐकून कोणाची आठवण झाली असती ते. आणि तळाला नामकोशातला अर्थ.

मधल्या पायरीचे उत्तम उदाहरण क्रिस्तीन आहे. क्रिस्टीना निल्सन ही खरीखुरी स्वीडिश गायिका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मली, लहानपणी जत्रांमध्ये व्हायोलिन वाजवत व गात फिरली, एका जत्रेतच तिचा आवाज जाणकाराच्या कानी पडला, आणि 1869 मध्ये पॅरिसच्या ऑपेराने 'फाउस्ट' प्रथम रंगमंचावर आणला तेव्हा मार्गरीत या नायिकेची भूमिका तिनेच केली. कादंबरीतली क्रिस्तीनही स्वीडिश, वडिलांच्या व्हायोलिनच्या साथीने जत्रांमध्ये गाणारी, आणि मार्गरीतच्या भूमिकेतून एका रात्रीत नावारूपाला आलेली. म्हणून क्रिस्तीनचे पात्र निल्सनवरून सुचले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. इथे नामकोशातला अर्थही अगदीच टाकाऊ नाही. ख्रिस्ताच्या नावावरून आलेले हे नाव जिला आहे, ती अखेरीस ज्याच्याकडे त्याच्या जन्मदात्या आईनेही कधी मायेने पाहिले नाही, त्याला कपाळावर चुंबन घेऊ देते आणि त्याच्यासाठी रडते, आणि त्यामुळे तो तिला सोडून देतो. हा अर्थ प्रसंगाने सिद्ध होतो, म्हणून तो घ्यायचा.

राउल या नावाशी मात्र जपून वागावे. मेयरबीर यांच्या 1836 च्या 'ले उग्नो' या अतिशय गाजलेल्या ऑपेराच्या नायकाचे नाव राउल आहे आणि पॅरिसच्या ऑपेरारसिकाला ते ठाऊक असणारच. पण कादंबरीतला राउल त्या नायकासारखा काही करत असल्याचे दिसत नाही. फार तर ऑपेराच्या गोष्टीला ऑपेरातले नाव शोभून दिसते एवढेच म्हणता येईल. क्रिस्तीनची प्रतिस्पर्धी कार्लोता हिच्याबाबतही तेवढेच पुरे. कार्लोता ग्रीसी ही नर्तकी आणि कार्लोता पात्ती ही गायिका एकोणिसाव्या शतकात गाजलेल्या होत्या, त्यामुळे ते नाव ऐकताच नामवंत बाईचा तोरा वाचकाच्या डोळ्यांपुढे यावा.

पर्शियन गृहस्थांची गोष्ट निराळी आहे. त्यांना कादंबरीभर नावच नाही. ते 'पर्शियन' आहेत, किंवा एरिकच्या तोंडी 'दारोगा' आहेत, कारण इराणातल्या माझंदरान प्रांतात ते पोलिसप्रमुख होते. दारोगा हा शब्द आपल्याकडेही चालत आल्यामुळे मराठी वाचकाला तो हुद्दा लगेच कळतो. उलट त्यांच्या नोकराला मात्र नाव आहे, आणि तेही दारियुस, म्हणजे प्राचीन इराणच्या सम्राटांचे. धनी निनावी आणि चाकर सम्राटाच्या नावाचा, हे विचित्र वाटते. पण पॅरिसच्या लोकांनी या परदेशी माणसाकडे कधी माणूस म्हणून पाहिलेच नाही, त्याला दृष्ट लावणारा म्हणून टाळले, हे लक्षात घेतले की त्याचे निनावी असणे एरिकच्या निनावीपणाशेजारी जाऊन बसते. एरिकचा भूतकाळ सांगू शकणारा एकमेव माणूसही नावावाचून आहे.

चौथी पायरी : खरी नावे आणि कल्पित नावे वेगळी करावीत

लरू मुळात बातमीदार होते आणि त्यांनी ही कादंबरी शोधपत्रकाराच्या अहवालासारखी लिहिली. म्हणून वहीतील यादीत खऱ्या व्यक्तींपुढे खूण करावी. ऑपेरागृह बांधणारे शार्ल गार्निए खरे. ती इमारत 1861 ते 1875 या काळात बांधली गेली आणि तिच्या तळाशी पाण्याचे मोठे टाके आजही आहे. गायिका क्राउस खरी, संगीतकार गुनो, सें-साँस, मास्ने, दलीब खरे. झुंबराच्या प्रसंगालाही वास्तवाचा आधार आहे : 1896 मध्ये प्रयोग चालू असताना झुंबराचा प्रतिभार, म्हणजे ते तोलून धरणारे वजन, वरून कोसळला आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. ऑपेराच्या तळघरात 1907 साली गायकांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका शंभर वर्षांसाठी बंद करून ठेवण्यात आल्या, हेही खरे आहे, आणि कादंबरीतला सांगाडा सापडतो तो याच ध्वनिमुद्रिका पुरताना. जिवंत आवाज जमिनीखाली ठेवण्याची ही घटना लरूंना किती आयती मिळाली असेल, याचा विचार केला तरी पुरे. अशा खऱ्या नावांच्या गर्दीत एक खोटे नाव सहज खपून जाते. भूत पटते ते त्यामुळेच.

पाचवी पायरी : संगीताची यादी करून ते प्रत्यक्ष ऐकावे

आता वहीचे दुसरे पान घ्यावे. कादंबरीत ज्या रचनेचा उल्लेख येतो तिचे नाव, संगीतकार, प्रसंग, आणि कोण गाते वा वाजवते, एवढे लिहावे. मग ती रचना ऐकून पुन्हा तो प्रसंग वाचावा. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण नसले तरी अडत नाही. मैफलीत भैरवी सुरू झाली की आपल्याला कोणी सांगावे लागत नाही की आता उठायची वेळ झाली. 1910 च्या पॅरिसमधल्या वाचकाला 'फाउस्ट'ची ओळ दिसली की ती तशीच आपोआप ऐकू येत होती. आपल्याला ती मुद्दाम ऐकून घ्यावी लागते, इतकाच फरक.

सुरुवात पहिल्या मोठ्या प्रसंगापासून करावी. मावळत्या व्यवस्थापकांच्या निरोपाच्या जलशात थोर संगीतकार आपापल्या रचना स्वतः सादर करतात. गुनो 'बाहुलीची अंत्ययात्रा' सादर करतात. ही चाल पुष्कळांनी नाव माहीत नसतानाही ऐकलेली असते, कारण हिचकॉक यांच्या दूरचित्रवाणी मालिकेची सुरुवात तिनेच होत असे. सें-साँस यांची 'दांस माकाब्र' ही 1874 ची रचना तर मध्यरात्री कबरींतून उठून नाचणाऱ्या सांगाड्यांची आहे. तिच्यात एकल व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्ध्या स्वराने उतरवून लावलेली असते, त्यामुळे पहिल्याच स्वरमेळात काहीतरी बिघडल्याची जाणीव होते. आणि हाडांचा खडखडाट झायलोफोनवर ऐकू येतो. त्यानंतर दलीब यांच्या 'कोपेलिया' या बॅलेचा तुकडा, म्हणजे जिवंत समजल्या गेलेल्या बाहुलीची कथा. एका कार्यक्रमात निर्जीव बाहुलीचा मृत्यू, मेलेल्यांचा नाच आणि जिवंत वाटणारी बाहुली! तळघरातला 'जिवंत प्रेत' कादंबरीत येण्याआधीच त्याची वर्दी देऊन झालेली आहे. इथे एक बारीक सावधगिरी हवी. लरूंनी 'कोपेलिया'तील म्हणून ज्या पिझिकातीचा (तारा बोटांनी छेडून वाजवायच्या रचनेचा) उल्लेख केला आहे, ती दलीब यांची प्रसिद्ध पिझिकाती प्रत्यक्षात त्यांच्याच 'सिल्विया' या बॅलेतली आहे. लेखकाकडून अदलाबदल झालेली दिसते, म्हणून या तपशिलावर फार मोठा इमला बांधू नये.

यादीतले सर्वांत महत्त्वाचे नाव अर्थातच गुनो यांच्या 'फाउस्ट'चे आहे. हा ऑपेरा 1859 मध्ये प्रथम सादर झाला. वृद्ध विद्वान फाउस्ट तारुण्यासाठी सैतानाशी करार करतो, मार्गरीत या निरागस मुलीला भुलवतो, तिची वाताहत होते आणि शेवटी तुरुंगात ती देवदूतांना हाक मारते व तिचा आत्मा तारला जातो, एवढे कथानक माहीत असले तरी काम भागते. मग दोन प्रसंग अगदी जवळून वाचावेत.

पहिला कार्लोताच्या फजितीचा. भुताने धमकी देऊनही ती मार्गरीतची भूमिका करायला उभी राहते, आणि क्रिस्तीनच्या वाट्याला सीबेल या मुलाची दुय्यम भूमिका येते. बागेच्या प्रवेशात मार्गरीत म्हणते की मी ऐकते आहे, आणि माझ्या हृदयात गाणारा हा एकाकी आवाज मला कळतो आहे. नेमक्या याच ओळीवर कार्लोताच्या गळ्यातून बेडकासारखा आवाज निघतो. ती ओळ पुन्हा धरते आणि बेडूक पुन्हा ओरडतो. लरूंना तिची फजिती कुठेही करता आली असती, एखाद्या अवघड तानेवर तर ती अधिक स्वाभाविक दिसली असती. परंतु त्यांनी निवडली ती 'हृदयातल्या एकाकी आवाजा'ची ओळ, म्हणजे त्या प्रेक्षागृहात जिचा खरा अर्थ फक्त दोघांना ठाऊक आहे : क्रिस्तीनला आणि पाच क्रमांकाच्या बैठकीत अदृश्य असलेल्या त्या आवाजाला. कार्लोता जे गाते आहे ते तिचे नाहीच. त्यानंतर तोच आवाज व्यवस्थापकांच्या कानाशी म्हणतो की आज ही झुंबर खाली आणण्याइतके गाते आहे, आणि झुंबर कोसळते.

दुसरा प्रसंग क्रिस्तीनच्या अपहरणाचा. 'फाउस्ट'च्या शेवटी तुरुंगातली मार्गरीत पवित्र, तेजस्वी देवदूतांना विनवते की माझा आत्मा स्वर्गाच्या कुशीत घेऊन चला. ती चाल दर वेळी आणखी वरच्या सुरात चढत जाते. हे ऐकल्याशिवाय प्रसंगाची धार कळणार नाही. क्रिस्तीन ही ओळ गाते, रंगमंच अचानक अंधारात बुडतो आणि उजेड येतो तेव्हा ती नाहीशी झालेली असते. देवदूताला हाक मारली आणि देवदूत म्हणवणाऱ्याने ती ऐकली. स्वर वर जात असताना देह खाली गेला.

सहावी पायरी : संगीताची दिशा उलटी झाली आहे का, ते तपासावे

एवढी यादी झाली की एक सूत्र दिसू लागते आणि माझ्या मते साऱ्या कादंबरीची किल्ली त्यात आहे. एरिकच्या हाती आलेली प्रत्येक रचना तिच्या मूळ अर्थाच्या विरुद्ध दिशेने वापरली जाते. क्रिस्तीनचे वडील भाविक आणि उदास मनःस्थितीत 'लाझारसचे पुनरुत्थान' वाजवत असत. लाझारसची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे : चार दिवस थडग्यात असलेल्या मृताला येशू हाक मारून बाहेर बोलावतो. ब्रिटनीतल्या पेरोस गावच्या दफनभूमीत एरिक मध्यरात्री तेच व्हायोलिनवर वाजवतो, आणि झुंबर कोसळल्यानंतर क्रिस्तीनच्या खोलीत तोच आवाज गाऊ लागतो की ये, माझ्यावर विश्वास ठेव, विश्वास ठेवणारे जगतील, चाल. ती भारल्यासारखी चालू लागते आणि आरशापलीकडे जाते, जिथून वाट तळघराच्या अंधारात उतरते. मेलेल्याला थडग्याबाहेर आणणारे शब्द इथे जिवंत मुलीला थडग्यात नेतात. शवपेटीत झोपणारा एरिक मात्र स्वतःला लाझारसच समजत असावा, आणि त्याला उठवणारे कोणीतरी त्याला हवे आहे.

त्याच्या स्वतःच्या ऑपेराचे नावही असेच आहे. 'विजयी डॉन जुआन' या रचनेवर तो वीस वर्षे काम करतो आहे आणि ती लाल शाईने लिहिलेली आहे. 1787 च्या मोत्सार्टच्या ऑपेरात डॉन जुआनला अखेरीस नरकाच्या आगीत ओढून नेले जाते. एरिक क्रिस्तीनला बजावतो की मोत्सार्ट ऐकून तू फक्त रडशील, पण माझा डॉन जुआन जाळतो, आणि तरीही त्याच्यावर आकाशातली वीज पडत नाही. पापी विजयी होतो ही कल्पना शीर्षकातच आहे. इथे लक्षात ठेवायचे की ही रचना कल्पित आहे, ती ऐकायला मिळणार नाही, आणि लरूंनी तिचे स्वर न सांगता फक्त परिणाम सांगितला आहे. खऱ्या रचनांच्या यादीत ती मिसळू नये. तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

एरिकचा मुखवटा ओढला जातो तो 'ऑथेल्लो'तले युगुलगीत दोघे गात असताना. क्रिस्तीन डेस्डिमोना, एरिक ऑथेल्लो, म्हणजे प्रिय स्त्रीचा संशयाने जीव घेणारा. या प्रसंगावर अधिक टिपण्णी करण्याची गरज नाही.

एरिकच्या शयनगृहाचे वर्णन मात्र पुन्हा वाचावे. भिंतींवर काळे पडदे आणि त्यांवर 'दिएस इरे'चे स्वर पुन्हा पुन्हा लिहिलेले. मृतांसाठीच्या प्रार्थनेतील हे मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र अंतिम न्यायाच्या दिवसाचे आहे आणि त्याची सुरुवातीची चार स्वरांची उतरती चाल युरोपच्या संगीतात मृत्यूची खूण म्हणून शतकानुशतके वापरली गेली. सें-साँस यांनी 'दांस माकाब्र'मध्येही तिचा उपयोग केला आहे, म्हणजे जलशात कानावर पडलेली गोष्ट इथे भिंतीवर दिसते. संगीत ऐकू येत नाही, ते नुसते लिहिलेले आहे. एखाद्याने घरात नक्षी असावी तसे. भयकादंबरीत न वाजणाऱ्या संगीताचीही नोंद घ्यावी, हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही.

सातवी पायरी : नावांचे पान आणि संगीताचे पान समोरासमोर ठेवावे

आता दोन्ही पाने शेजारी ठेवून प्रत्येक प्रसंगात नाव आधी आले की आवाज आधी, ते पाहावे. क्रिस्तीनला तीन महिने आवाज ऐकू येतो आणि त्या आवाजाला ती आपल्या वडिलांनी दिलेले देवदूताचे नाव चिकटवते. शरीर तिला फार नंतर दिसते. बैठकांची देखरेख करणाऱ्या मादाम जिरीलाही आधी आवाजच ऐकू येतो, आणि तिची मुलगी मेग 1885 साली सम्राज्ञी होईल असे भुताने पत्रात लिहिल्यामुळे ती त्याची निष्ठावंत सेविका बनते. लरू प्रस्तावनेत एका बॅरोनेसचे आभार मानतात, जी पूर्वीची छोटी मेगच असते. सम्राज्ञीपद नाही, पण नाव मात्र भारदस्त मिळाले. थोडक्यात, आवाज एकच आहे आणि ऐकणारा आपल्या गरजेप्रमाणे त्याला नाव देतो. नावे फसवतात. संगीत मात्र, वर पाहिल्याप्रमाणे, उलटे वाचले की प्रत्येक वेळी खरे तेच सांगते. म्हणून एखाद्या प्रसंगात नाव एक सांगत असेल आणि संगीत दुसरे, तर या कादंबरीत तरी संगीताच्या बाजूने कौल द्यावा.

शेवटी वृत्तपत्रात तीन शब्दांची सूचना छापून येते : एरिक मरण पावला. भूत, देवदूत, आवाज ही सगळी नावे बाजूला पडून उसने घेतलेले नाव पहिल्यांदाच चारचौघांत छापले जाते, आणि ते छापून आणणारे असतात स्वतः निनावी असलेले पर्शियन गृहस्थ. त्या ओळीजवळ कोणतेही संगीत नाही, याचीही नोंद वहीत करावी.

सरावासाठी पुढचे पुस्तक

ही पद्धत अंगवळणी पडावी म्हणून लगेच दुसरी, आटोपशीर कलाकृती घ्यावी. शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाची 1872 ची 'कार्मिला' ही लघुकादंबरी त्यासाठी योग्य आहे आणि तीही विनामूल्य मिळते. तिच्यातील रक्तपिपासू स्त्री वेगवेगळ्या काळी कार्मिला, मिलार्का आणि मिर्काला या नावांनी वावरते. तिन्ही नावे रोमन लिपीत लिहून अक्षरे मोजावीत, म्हणजे तिच्यावर कोणते बंधन आहे ते कादंबरीने सांगण्याआधीच लक्षात येईल. संगीताचा प्रसंग त्यात मुख्यतः एकच आहे. एका गरीब मुलीची अंत्ययात्रा जवळून जाते, निवेदिका लॉरा लोकांबरोबर स्तोत्र म्हणू लागते आणि कार्मिला कान किटल्याची तक्रार करत संतापाने थरथरू लागते. तिथे थांबावे, ते स्तोत्र कोणासाठी म्हटले जात आहे आणि ती मुलगी कशाने मेली असावी हे वहीत लिहावे, आणि मगच पान उलटावे.